‘इतर कोणताही दिवस’ : जाहीर झालेली सुट्टी आणि मिळालेली सुट्टी

गेल्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भाच्याचा फोन आला. तो मुंबईत एका खासगी कंपनीत नोकरीला आहे. म्हणाला, “मामू, ईदची सुट्टी नक्की कुठे गेली?”

झालं होतं असं. २०२५ साली ईद-ए-मिलाद ५ सप्टेंबरला, शुक्रवारी होती. अनंत चतुर्दशी दुसऱ्याच दिवशी, ६ तारखेला. विसर्जनाच्या मिरवणुका आणि मिलादचा जुलूस एकमेकांवर येऊ नयेत म्हणून मुंबईतल्या मुस्लिमांनी जुलूस ८ तारखेला, सोमवारी काढायचं ठरवलं. त्याप्रमाणे राज्य सरकारनं मुंबई शहर आणि उपनगरापुरती सुट्टी ५ वरून ८ वर नेली. बाकीच्या महाराष्ट्रात ती ५ लाच राहिली. भाच्याच्या कंपनीच्या छापील यादीत ५ सप्टेंबर होता. साहेबांनी सांगितलं, सरकारनं ५ ची सुट्टी रद्द केली, तेव्हा कामावर या. भाच्यानं ८ तारखेबद्दल विचारलं, तर उत्तर आलं, “ती आपल्या यादीत नाही.” दोन तारखांच्या मध्ये त्याची ईद गळून पडली.

“सरकारनं जाहीर केलेली सुट्टी कंपनी नाकारू शकते का?” असा त्याचा सरळ प्रश्न होता. मी फोनवर म्हणालो, “बघून सांगतो.” बघता बघता दीडशे वर्षं मागं जावं लागलं.

आपण ज्याला सार्वजनिक सुट्टी म्हणतो, तिचा कायदेशीर आधार कामगार कायद्यात नाही. तो आहे १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, म्हणजे चेक, हुंडी आणि वचनचिठ्ठी यांच्या कायद्यात. चेक बाऊन्स झाल्यावर ज्या कायद्याचं नाव ऐकू येतं, तोच हा. त्याचं कलम २५ एक साधा व्यावहारिक प्रश्न सोडवतं. हुंडीचे पैसे ज्या दिवशी द्यायचे, त्याच दिवशी सुट्टी आली तर काय करायचं? कायदा म्हणतो, आधीच्या कामकाजाच्या दिवशी ती देय झाली असं समजा. मग सुट्टी कशाला म्हणायचं हेही सांगणं आलं. मूळ कायद्यात त्याची यादी होती : रविवार, नववर्षाचा पहिला दिवस, नाताळ, गुड फ्रायडे, आणि सरकार राजपत्रात जाहीर करील तो इतर कोणताही दिवस.

ही यादी मी दोनदा वाचली. राज्यकर्त्यांचे सण नावानिशी आहेत. दिवाळी, ईद, मोहरम, पतेती हे सगळे ‘इतर कोणताही दिवस’ या तीन शब्दांत कोंबलेले. पुढं स्वातंत्र्यानंतर कायद्यातून नाताळ आणि गुड फ्रायडेही नावानं गेले. रविवार तेवढा राहिला आणि बाकी सगळेच ‘इतर’ झाले. आज महाराष्ट्र सरकार दरवर्षी सुट्ट्यांची जी अधिसूचना काढतं, ती याच कलमाखाली. हा अधिकार केंद्राचा, पण गृहमंत्रालयाच्या ८ जून १९५७ च्या अधिसूचनेनं तो राज्यांकडे सोपवला. भाच्याची ५ तारीख काय, ८ तारीख काय, दोन्हींचं मूळ इथं आहे. त्या अधिसूचनेनं बँका आणि सरकारी कचेऱ्या बंद राहतात. खासगी मालकानं नोकराला घरी पाठवावं, असं तिच्यात कुठंही लिहिलेलं नसतं.

सरकारची यादी नीट पाहिली तर तीच हे सांगते. अलीकडच्या वर्षांत तिच्यात साधारण २४ सुट्ट्या असतात. शिवाय १ एप्रिलची फक्त बँकांना, वार्षिक हिशेबासाठी. भाऊबीजेची वेगळी सुट्टी राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांपुरती. म्हणजे एकाच कागदावर कुठली सुट्टी कोणाला, हे ठरलेलं आहे. दुकानातला नोकर, लूमवरचा कारागीर, गॅरेजमधला पोरगा यांचा उल्लेख त्या कागदावर नाही.

ही कल्पना आली इंग्लंडमधून. तिथं १८७१ साली सर जॉन लबक यांच्या पुढाकारानं बँक हॉलिडेज अ‍ॅक्ट झाला. नावातच बँक आहे. बँका बंद म्हणून व्यापार बंद, व्यापार बंद म्हणून हळूहळू बाकीचं जग बंद, असा तो प्रवास. पण दीडशे वर्षांनंतरही तिथल्या खासगी नोकराला बँक हॉलिडेच्या दिवशी घरी राहण्याचा आपोआप हक्क नाही. वर्षाला ५.६ आठवड्यांची पगारी रजा कायद्यानं मिळते, आणि मालक बँक हॉलिडे त्यातच मोजू शकतो. २०२२ साली राणीच्या कारकिर्दीला सत्तर वर्षं झाली म्हणून एक दिवस वाढला, त्याच सप्टेंबरात तिच्या अंत्यविधीसाठी दुसरा, आणि मे २०२३ मध्ये राजाच्या राज्याभिषेकासाठी तिसरा. प्रत्येक वेळी तिथं हाच वाद : हा जादा दिवस आम्हाला मिळणार का? उत्तर नेमणूकपत्रातल्या दोन-तीन शब्दांवर ठरायचं. ‘सर्व बँक हॉलिडे’ असं लिहिलं असेल तर जादा दिवस मिळाला. ‘नेहमीचे आठ बँक हॉलिडे’ असं लिहिलं असेल तर राजा सिंहासनावर बसला आणि नोकर कामावर गेला. ज्या देशातून ही पद्धत आली, तिथंही जाहीर झालेली सुट्टी आणि मिळालेली सुट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग कामगाराला सुट्टी मिळाली कुठून? त्यासाठी लंडन सोडून मुंबईत यावं लागतं, तेही परळच्या चाळींत.

१८८१ सालीच हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यानं सात ते बारा वर्षांच्या मुलांचं काम दिवसाला नऊ तासांवर आणलं आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांना काहीच नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्यानं हुंडीला रविवारी विश्रांती दिली होती, गिरणी कामगाराला दिली नव्हती, हा विरोधाभास मला विसरता येत नाही.

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांची सभा घेऊन निवेदन तयार केलं. साडेपाच हजार कामगारांनी त्याला पाठिंबा दिला. पहिली मागणी होती, आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी द्या. सहा वर्षं अर्ज, सभा आणि ‘दीनबंधु’तलं लेखन चाललं. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही तिथं भाषणं केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली.

हा इतिहास आपल्याकडे बहुधा ‘रविवारची सुट्टी कशी मिळाली’ या गोष्टीपुरता सांगितला जातो. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. ती सुट्टी कुठल्या राजपत्रातून आधी आली नाही. कामगारांनी मागितली, मालकांनी कबूल केली, कायदा नंतर आला. आणि ती एका धर्माची नव्हती. गिरण्यांत मदनपुऱ्याचे मोमीन विणकर होते, कोकणातले मराठे होते, दलित कामगार होते. रविवार सगळ्यांना मिळाला. १८९३ साली मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली तेव्हा हेच लोखंडे सलोख्यासाठी कामगार वस्त्यांतून फिरत होते. पुढं प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करतानाच १८९७ साली त्यांचा अंत झाला. आपल्या मोहल्ल्यांत त्यांचं नाव फारसं घेतलं जात नाही. घ्यायला हवं.

इथं कोणी विचारील, मुसलमानाचा दिवस तर शुक्रवार, मग रविवारचं एवढं कौतुक कशाला? कुरआनातल्या सूरह जुमुआचा आशय पाहिला तर ही अडचण राहत नाही. जुम्याची अजान झाली की व्यापार सोडून नमाजला या, आणि नमाज झाली की पुन्हा जमिनीवर पसरा, अल्लाहनं दिलेली रोजी शोधा, असं तिथं सांगितलं आहे. अख्खा दिवस काम बंद ठेवा असा हुकूम नाही. मागणी आहे ती दुपारच्या तासाभराची. शुक्रवारची पूर्ण सुट्टी हा धर्माचा नव्हे, रिवाजाचा आणि सत्तेचा भाग आहे. निजामाच्या राज्यात आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची, त्यामुळे मराठवाड्यातल्या जुन्या पिढीनं शाळेला शुक्रवारची सुट्टी अनुभवली आहे. तिथल्या बहुसंख्य हिंदू प्रजेनंही राजाचा दिवस आपला मानून घेतला होता. इंग्रजांच्या मुलखात रविवार, निजामाच्या मुलखात शुक्रवार. दिवस राज्यकर्त्याचा, विश्रांती मात्र सगळ्यांची.

मालेगावात आजही पॉवरलूम शुक्रवारी बंद असतात. रस्ते गजबजतात, सिनेमाची थिएटरं भरतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बघा, मुसलमानांनी आपली सुट्टी आपण मिळवली. पण तिथला कारागीर बहुधा विणलेल्या कापडाच्या मापानं पैसे घेतो. लूम बंद, तर माप शून्य. लूमचा मालक मुसलमान, कारागीर मुसलमान, दिवस जुम्याचा, आणि तरी ती सुट्टी बिनपगारी. जाहीर सुट्टीबद्दल सरकारकडे बोट दाखवताना आपण आपल्या कारखानदारांना हा प्रश्न विचारत नाही. ईदच्या दिवशी कारागिराच्या हातात ईदी देणं ही मेहरबानी झाली. ईदच्या दिवसाची मजुरी देणं ही वेगळी गोष्ट आहे.

स्वातंत्र्यानंतर कामगार कायद्यांनी बरंच दिलं. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानं साप्ताहिक सुट्टी आणि वार्षिक पगारी रजा पक्की केली. सणांबद्दल मात्र तो गप्प होता. तमिळनाडू आणि केरळनं १९५८ साली राष्ट्रीय आणि सणांच्या सुट्ट्यांचे स्वतंत्र कायदे करून कारखान्यातल्या कामगाराला ठरावीक दिवस पगारासह दिले. महाराष्ट्रातल्या कारखान्यांत हे काम करारांवर, प्रथेवर आणि न्यायाधिकरणांच्या निवाड्यांवर सोडलेलं होतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यानं सुट्ट्या हा वाटाघाटीचा विषय मानला. चालत आलेली सुट्टी मालकाला कमी करायची असेल तर आधी नोटीस द्यावी लागे. ज्या कारखान्यात युनियन भक्कम, तिथं यादी लांब. जिथं युनियन नाही, तिथं साहेबाची मर्जी.

आपल्या समाजाचं लक्ष मात्र बहुतेक वेळ दुसऱ्या यादीकडं लागलेलं असायचं, सरकारच्या. १५ ऑगस्ट १९९० रोजी पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी लाल किल्ल्यावरून पैगंबर जयंतीची सुट्टी जाहीर केली तेव्हा मोठा आनंद झाला. देशानं दखल घेतली, ही भावना खरीच होती. तिला मी कमी लेखत नाही. राष्ट्राच्या कॅलेंडरात आपला दिवस असणं याला किंमत आहे. पण त्या घोषणेनं भिवंडीच्या कारागिराच्या घरात एका दिवसाची मजुरी आली का? नाही आली.

न्यायालयांनीही हे स्पष्ट केलं आहे. दादरा आणि नगर हवेली २ ऑगस्ट १९५४ ला पोर्तुगीजांपासून मुक्त झालं. त्या दिवसाची सुट्टी २०२१ पासून बंद झाली म्हणून एक रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की सार्वजनिक सुट्टीचा मूलभूत हक्क कोणालाच नाही, सुट्टी देणं न देणं हा सरकारच्या धोरणाचा भाग आहे. दोन वर्षांनी उलटा प्रश्न आला. २२ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येतल्या मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेसाठी राज्य सरकारनं सुट्टी जाहीर केली. कायद्याच्या चार विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिलं. उच्च न्यायालय आदल्या दिवशी, रविवारी, खास बसलं आणि याचिका फेटाळली. त्या निकालाबद्दल आपल्यात मतभेद असतील, माझ्याही मनात प्रश्न आहेत. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवले की एक गोष्ट कळते. सुट्टी काढून घेतली म्हणून कोर्टात जाऊन ती परत मिळत नाही आणि दिली म्हणून कोर्टात जाऊन ती थांबत नाही. तो सरकारच्या मर्जीचा प्रांत आहे. जे मर्जीनं मिळतं, ते मर्जीनं जातं.

जाहीर झालेली सुट्टी खरोखर प्रत्येकाच्या हातात पोचावी असं कायद्याच्या मनात आलं, तर तो कसा बोलतो याचंही उदाहरण आहे. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६ साली कलम १३५-ब आलं. मतदानाच्या दिवशी कुठल्याही धंद्यात, व्यवसायात, कारखान्यात काम करणाऱ्या मतदाराला सुट्टी द्यायची. त्याचा पगार कापायचा नाही. रोजंदारीवरच्या माणसालाही त्या दिवसाची मजुरी द्यायची. न देणाऱ्या मालकाला दंड. ज्याच्या गैरहजेरीनं धोका किंवा मोठं नुकसान होईल, एवढाच अपवाद. सुट्टी कोणाला, पगाराचं काय, न दिल्यास काय, ही तिन्ही उत्तरं त्यात आहेत. सणांच्या अधिसूचनेत यातलं एकही नसतं.

भाच्यासाठी कामाचा कायदा होता तो २०१७ चा, महाराष्ट्राचा दुकाने आणि आस्थापनांचा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी तो आला. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. चार नावानिशी : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार सणांच्या, मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. याखेरीज वर्षाला आठ दिवसांची नैमित्तिक रजा.

त्या चार दिवसांवर माझी नजर थांबली. १८८१ च्या कायद्यातले तीन शब्द ‘इतर कोणताही दिवस’, आणि इथले हे चार दिवस. पण इथं ते सरकार ठरवत नाही. कामगारांनी बसून ठरवायचे आहेत. त्यातही अडचण आहेच. शंभर जणांच्या कचेरीत पाच मुसलमान असतील तर चारांत ईद येईलच असं नाही. आणि दहापेक्षा कमी माणसं असलेल्या बेकऱ्या, शिलाईचे कारखाने, गॅरेज, जिथं आपले बहुसंख्य लोक राबतात, ते या कलमांच्या बाहेरच राहिले. तरीही ही अशी जागा आहे जिथं बोलता येतं. त्यासाठी शेजारच्या टेबलावरच्या पाटलांशी आणि फर्नांडिसांशी आधी बोलावं लागेल. तुमच्या गणपतीला माझा हात वर, माझ्या ईदला तुमचा.

हे स्वप्नरंजन नाही, कारण रस्त्यावर आपण ते करून दाखवलं आहे. २०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी, २९ जूनला आली. महाराष्ट्रात अनेक ठिकाणच्या मुस्लिमांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं ठरवलं. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकत्र आली. जुलूस दुसऱ्या दिवशी गेला, सरकारनं २९ ची सुट्टी दिली. २०२४ मध्ये जुलूस १८ सप्टेंबरला, २०२५ मध्ये ८ सप्टेंबरला. चंद्राचं वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे आपले सण मागं सरकत राहतात, कधी एका सणाच्या शेजारी तर कधी दुसऱ्याच्या. समाजानं समंजसपणा दाखवला, सरकारनं दखल घेतली. मधला जो माणूस आहे, कंपनीतला, दुकानातला, त्याच्यापर्यंत या समंजसपणाचा निरोप पोचलाच नाही.

म्हणून भाच्याला मी सांगितलं ते असं. सरकारची अधिसूचना तुझ्या कंपनीला बांधत नाही, पण म्हणून तिला वाटेल तसं बोलता येत नाही. ५ तारीख तुमच्या ठरलेल्या यादीत होती. सरकारनं आपल्या कचेऱ्यांची तारीख बदलली म्हणून तुमच्यात ठरलेला दिवस आपोआप रद्द होत नाही. ज्या अधिसूचनेच्या आधारानं ५ काढून घेतली, तीच ८ देते. आधार घ्यायचा तर पूर्ण घ्या. हे चौघा-पाच जणांनी मिळून, सभ्य भाषेत, लेखी द्या. आणि पुढच्या वर्षीच्या यादीत तारीख न लिहिता सणाचं नाव लिहून घ्या, शेजारी एक ओळ : चंद्रदर्शनानुसार किंवा शासनाच्या बदलानुसार दिवस बदलेल.

त्याच्या अर्जावर सात सह्या झाल्या. त्यातल्या चार हिंदू सहकाऱ्यांच्या होत्या. त्या वर्षीची ईद गेली ती गेलीच, पण बदली सुट्टी मिळाली आणि जानेवारीच्या यादीत ती ओळ आली. कंपनीच्या एका कागदावरची एक ओळ, एवढंच. लोखंड्यांचं निवेदनही सुरुवातीला कागदच होतं, खाली साडेपाच हजार नावं असलेला.